विलायतेतला आमचा वास

आमचा मुलगा इंग्लंडात वुस्टर या गावी असतो. या गावाच्या स्पेलिंगात अक्षरं भरपूर आणि त्यातली निम्मी उच्चारायची नसतात. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने कुठे राहणार म्हणून विचारलं, तेव्हा मी एकही अक्षर न गाळता ‘वॉर्सेस्टर’ म्हणालो. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा पासपोर्टाकडे पाहिलं आणि काही न बोलता आत सोडलं. मागून बायकोने विचारलं, “सगळा नाव घेतलात मा?”

माझ्या इंग्रजीवर तिचा विश्वास नाही, माझा आहे. उभी हयात सरकारी कचेरीत पत्रव्यवहार सांभाळण्यात गेली. ‘संदर्भाधीन पत्रान्वये’पासून ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर’पर्यंतची मजल मी दोन्ही भाषांत मारलेली आहे. माझ्या मसुद्याला साहेबांची लाल शाई कधी लागली नाही. ते मसुदे कोणी वाचत नव्हतं हेही त्याचं कारण असू शकेल. ते असो. शेजारच्या बाईंची चिठ्ठी दाराच्या फटीतून आत पडली, तेव्हा उत्तर मीच लिहिणार हे ठरलेलंच होतं.

मुलाचं घर तिकडच्या भाषेत ‘सेमी-डिटॅच्ड’. म्हणजे एका भिंतीला पाठ लावून दोन घरं. एकीकडे आम्ही, दुसरीकडे या बाई. वय माझ्याएवढंच, एकट्याच राहतात, बागेत गुलाब. चिठ्ठीत लिहिलं होतं की संध्याकाळच्या सुमारास थोडासा ‘स्मेल’ येतो, तो आपल्या लक्षात आला आहे की काय, असं मला सहज वाटून गेलं. बस्स. मागणी नाही, मुदत नाही, प्रत माहितीस्तव कोणाला नाही. कचेरीत असलं पत्र आलं असतं तर ‘अर्जदाराचे नेमके म्हणणे बोध होत नाही’ असा शेरा मारून परत पाठवलं असतं.

घरात मात्र बोध सगळ्यांना झाला. सुके बोंबील.

बोंबलाचा आणि इंग्रजांचा संबंध जुना आहे. ते त्याला ‘बॉम्बे डक’ म्हणतात. मुंबईच्या डाकगाडीतून तो जायचा म्हणून ‘डाक’चं ‘डक’ झालं, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट चांगली आहे, पण आपल्याकडे पहिली प्रवासी रेल्वे १८५३ साली धावली आणि हे नाव त्याच्या आधीपासून छापलेलं सापडतं. १९९७ साली युरोपीय संघाने बोंबलाची आयात बंद केली, कारण आपला बोंबील मान्यताप्राप्त कारखान्यात तयार होत नाही, वलांडीवर उन्हात वाळतो. तेव्हा खुद्द इंग्रजांनीच बोंबील वाचवा म्हणून चळवळ केली आणि पुढे बंदी उठली. आता मुलगा बर्मिंगहॅमच्या एका बांगलादेशी दुकानातून तो आणतो, आणि बायको संध्याकाळी तव्यावर भाजते. भाजून झाले की स्वयंपाकघराच्या खिडकीत, अर्ध्या बटाट्यात खोचून, उदबत्त्यांचा अख्खा जुडगा पेटवते. चंदनाच्या आणि मोगऱ्याच्या मिळून. सुनेला बोंबलाचा त्रास होऊ नये हा हेतू.

उत्तर लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. बाईंनी ‘स्मेल’ लिहिलं म्हणून मीही ‘स्मेल’ लिहायचं? समोरच्याचाच शब्द परत करणं हे कारकुनाचं काम. अधीक्षक पदावरून निवृत्त झालेल्या माणसाला पर्यायी शब्द हवा. शिवाय ‘स्मेल’चं एक गौडबंगाल आहे. शब्द तसा तटस्थ. फुलालाही चालतो, गटारालाही. पण विशेषण काढून घेतलं की तो लगेच गटाराच्या बाजूने जातो. ‘यू स्मेल’ एवढंच कोणी म्हटलं तर ती तारीफ नव्हे. आपल्याकडेही ‘वास येतोय’ म्हटल्यावर कोणी हरखून जात नाही. १७५५ साली इंग्रजीचा मोठा कोश करणाऱ्या डॉक्टर जॉन्सनच्या नावावर यावरूनच एक किस्सा खपवतात. एक बाई त्यांना म्हणाली, “तुम्ही स्मेल करता.” ते म्हणाले, “नाही बाई, स्मेल तुम्ही करता. मी स्टिंक करतो.” म्हणजे हुंगणाऱ्या तुम्ही, घाणेरडा मी. किस्सा खरा असल्याचा पुरावा नाही, पण त्यातलं व्याकरण पक्कं आहे.

नेमक्या त्याच शनिवारी मुलगा आम्हाला माल्व्हर्नच्या टेकड्या दाखवायला घेऊन गेला. खालच्या गावात, जुन्या वस्तू विकून धर्मादाय करणारं एक दुकान होतं. तिथे पुठ्ठा निखळलेली, पानं पिवळी पडलेली रोजेची ‘थिसॉरस’ मिळाली. एका अर्थाचे शब्द एका जागी गोळा केलेला हा ग्रंथ. काउंटरवरच्या आजीबाई म्हणाल्या, ते टेकडीच्या पलीकडेच आहेत. मला वाटलं, दुकान. पण आहेत ते स्वतः रोजे, वेस्ट माल्व्हर्नच्या सेंट जेम्स चर्चच्या आवारात, १८६९पासून.

पीटर मार्क रोजे हा माणूस मला मनापासून आवडला. पेशाने डॉक्टर. १८०५ साली त्याने स्वतःच्या सोयीसाठी शब्दांची वही केली आणि ती पुस्तक होऊन बाहेर पडली १८५२ साली, त्याच्या वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. मध्ये वीसेक वर्षं तो रॉयल सोसायटीचा सचिव होता, म्हणजे आमच्यापैकीच, पत्रव्यवहारवाला. निवृत्त झाल्यावर त्याने वही पुन्हा काढली. जगातल्या सगळ्या कल्पनांचे त्याने हजार विभाग पाडले आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. हजार विषयांच्या हजार फायली! असं आवक-जावक रजिस्टर मी जन्मात पाहिलेलं नाही. थडग्यापाशी उभा राहून मी टोपी काढली. बायको म्हणाली, “वळखीचे होते?”

वासाचा पत्ता लगेच सापडला. ३९८ म्हणजे वास, ३९९ म्हणजे वास नसणं, ४०० सुगंध, ४०१ दुर्गंध. रोजेची पद्धत अशी की एखादी कल्पना आणि तिची विरोधी कल्पना पानावर शेजारीशेजारी दोन रकान्यांत. ४०० आणि ४०१ यांच्यात एक भिंत सामाईक. आमचं घर आणि बाईंचं घर तसंच. फक्त कोण ४००मध्ये आणि कोण ४०१मध्ये, एवढाच प्रश्न होता, आणि तो त्या क्षणी मला फार सोपा वाटला.

त्या ग्रंथात एक अडचण आहे आणि ती मला घरी आल्यावर कळली. त्यात शब्द आहेत, अर्थ नाहीत. रोजेने गृहीत धरलेलं आहे की वाचणाऱ्याला हे सगळे शब्द ठाऊक आहेत, त्याला फक्त ऐन वेळी आठवत नाहीत. माझं नेमकं उलट होतं. मग मुलाच्या कपाटातला शब्दकोश काढला आणि दोन्ही पुस्तकं मांडीवर घेऊन रात्री उशिरापर्यंत बसलो.

‘ओडर’ हा लॅटिन घराण्यातला, सभ्य, शास्त्रीय. पण गेल्या शतकात साबण आणि पावडर विकणाऱ्या जाहिरातदारांनी त्याला ‘बॉडी’शी जोडून काखेत नेऊन बसवला, तो तिथून परत आलेला नाही. ‘सेंट’मध्ये एक ‘सी’ हे अक्षर सतराव्या शतकात कुठून तरी शिरलं. का शिरलं ते कोणी सांगत नाही. आपल्याकडे सेंट म्हणजे अत्तराची बाटली; त्यांच्याकडे शिवाय कोल्ह्याने मागे ठेवलेला माग, ज्याच्यावर कुत्री धावतात. बोंबलाचा सेंट म्हणावं तर बाई आमच्या घरावर कुत्री सोडायच्या. ‘अरोमा’ मूळचा ग्रीक, मसाल्याच्या पदार्थाचा. तो आता कॉफीच्या डब्यावर नोकरीला. ‘रीक’ म्हणजे मुळात नुसता धूर. एडिंबरो शहराला धुरकट म्हणून लाडाने ‘ऑल्ड रीकी’ म्हणतात. आज मात्र माणूस ‘रीक’ करतो तेव्हा त्याच्यापासून लांब बसायचं असतं. सर्वांत करुण कहाणी ‘स्टिंक’ आणि ‘स्टेंच’ या भावंडांची. जुन्या इंग्रजीत ही दोघं सुवासालाही चालायची. पुढे संगत बिघडली. आणि ‘स्मेल’? तो तर निनावीच. त्याचं मूळ कोणालाही नीट सापडलेलं नाही, भोवतालच्या जर्मन वगैरे भाषांत त्याचे नातेवाईकही नाहीत.

आपल्याकडे हे काम किती सोपं आहे! जुन्या पिठाला खवट, बंद खोलीला कुबट, खाली लागलेल्या भाताला करपट, ओल्या मासळीला हिंवस, भाजलेल्या डाळीला खमंग. उचलायचा आणि लावायचा. कुठला शब्द कुठे बसतो हे सांगायला कोणी रोजे लागत नाही, आजी पुरते. ‘दर्प’ तर एकाच दगडात दोन पक्षी मारतो: उग्र वासही आणि गर्वही. माझ्या पहिल्या पत्राला तो दोन्ही अर्थांनी लागू होता.

कारण मी शेवटी निवडला ‘फ्रॅग्रन्स’. क्रमांक ४००. आपल्या अन्नाला आपणच दुर्गंध कशाला म्हणावं, हा स्वाभिमान. शिवाय याच वुस्टर गावातला जगप्रसिद्ध सॉस कशाचा, तर सडवलेल्या अँकोव्ही माशांचा. आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा, वर चिंच, कांदा, लसूण. ली आणि पेरिन्स या दोघा औषधविक्यांनी तो १८३७ पासून विकायला काढला. हिंदुस्थानातून परतलेल्या कोणा उमरावाच्या सांगण्यावरून तो बनवला, आवडला नाही म्हणून तळघरात टाकला आणि विसरले, पुढे चाखला तर मुरून झकास झालेला, अशी त्याची दंतकथा. मासा आणि चिंच एकत्र आंबवून बाटलीत भरली की ती चव, आणि आमच्या तव्यावर आली की स्मेल? मी ठणकावून लिहिलं: आपण उल्लेखिलेला ‘फ्रॅग्रन्स’ आमच्या संस्कृतीचा अविभाज्य भाग असून तो आपणापर्यंत पोहोचतो याचा आम्हास आनंद आहे.

उत्तर आलं. छोट्या कार्डावर, गुलाबाचं चित्र. ‘हाउ इंटरेस्टिंग. पण थोडा कमी करता आला तर?’ मी कार्ड मुलाला दाखवणार होतो, पण त्याने पहिल्या पत्राची स्थळप्रत मागितली असती. म्हणून परस्पर अंमलबजावणी केली. बोंबील आठवड्यातून एकदाच, आणि त्या दिवशी खबरदारी म्हणून उदबत्त्या दुप्पट. एक जुडगा स्वयंपाकघरात, एक थेट बाईंच्या बाजूच्या खिडकीत. म्हणजे जे काही पलीकडे जाईल ते गाळून जाईल.

पलीकडून खिडक्या धाडधाड बंद झाल्याचा आवाज आला. मी ताडलं की स्वाभिमान जास्त झाला. आता नमतं घ्यायला हवं. भिंत ओलांडून मी ४०१मध्ये गेलो.

तिथे काय ऐवज आहे म्हणून सांगू! ‘नॉइसम’ मला इतका आवडला की लिहून टाकलाच होता, तेवढ्यात कोश म्हणाला, याचा ‘नॉइज’शी काही संबंध नाही, ‘अनॉय’शी आहे. तरी आवाजाची नवी तक्रार नको म्हणून खोडला. तळणीच्या, भाजणीच्या वासाला ‘नायडर’ असा एक स्वतंत्र शब्द ३९८मध्ये सापडला. बोंबलासाठीच जन्मलेला शब्द! पण तो मुलाला माहीत नव्हता, सुनेला माहीत नव्हता, बसमध्ये शेजारी बसलेल्या गृहस्थांनाही माहीत नव्हता. त्यांनी जागा बदलली. शेवटी त्याच पानावरचा ‘एफ्लुव्हियम’ घेतला. भारदस्त, लॅटिन, उच्चारताना जीभ तीनदा वळते. सरकारी पत्राला आणखी काय लागतं? वरून ‘नॉक्शस’ हे विशेषण, नम्रतेखातर. ‘स्टिंक’ म्हणजे उगाच शिवी दिल्यासारखं झालं असतं. ‘एफ्लुव्हियम’ने कसा दुर्गंधसुद्धा खुर्चीवर बसल्यासारखा वाटतो.

हा शब्द किती जुन्या जखमेचा आहे हे मला नंतर समजलं. रोजेच्या काळी लंडनची घाण थेट थेम्सेत जायची आणि बरेच लंडनकर तेच पाणी प्यायचे. १८२८ साली त्या पाण्याची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीवर खुद्द रोजे होता, पूल बांधणाऱ्या टेलफर्डच्या मांडीला मांडी लावून. तेव्हाच्या डॉक्टरांची ठाम समजूत अशी की रोग पसरतो तो वासामुळे, कुजणाऱ्या घाणीतून उठणाऱ्या ‘एफ्लुव्हिया’मुळे. १८५८च्या उन्हाळ्यात नदीला इतकी घाण सुटली की पार्लमेंटच्या पडद्यांना चुन्याच्या क्लोराइडमध्ये बुडवून टांगावं लागलं. इतिहासात त्याची नोंद ‘ग्रेट स्टिंक’ अशी आहे, ‘ग्रेट स्मेल’ अशी नाही. इतर वेळी शब्द तोलून वापरणाऱ्या लोकांनी तेव्हा मात्र आढेवेढे घेतले नाहीत आणि बॅझलजेट नावाच्या इंजिनिअरकडून गटारं बांधून घेतली. थोडक्यात, ‘नॉक्शस एफ्लुव्हियम’ म्हणजे जीव घेणारी हवा.

मी लिहिलं होतं: ‘द नॉक्शस एफ्लुव्हियम एमनेटिंग फ्रॉम अवर किचन इज रिग्रेटेड अँड विल कंटिन्यू ओन्ली फॉर अ लिमिटेड पिरियड.’ आमच्या स्वयंपाकघरातून निघणारी घातक हवा खेदजनक असून ती मर्यादित काळच चालू राहील. पत्र दुपारी टाकलं. संध्याकाळी दारात गाडी उभी राहिली.

गॅसगळतीवाले होते. चमकदार जाकीट, हातात नळीचं यंत्र. आधी त्यांनी मीटरपाशी गॅस बंद केला, मग आम्हाला बाहेर काढलं, दिव्याच्या बटणाला हात लावू नका म्हणाले. तव्यावर चार बोंबील अर्धवट. बायको अंगणात गाऊनवर शाल घेऊन उभी, आणि माझ्याकडे बघत होती. तिला अजून काही कळलं नव्हतं, पण कोणामुळे ते कळलं होतं.

यंत्राने काटा हलवला नाही. नैसर्गिक वायूला मुळात वासच नसतो. १९३७ साली टेक्सासमधल्या न्यू लंडन गावी शाळेत असाच वायू कोणालाही पत्ता न लागता साठला आणि स्फोटात जवळपास तीनशे जीव गेले, बहुतेक मुलं. तेव्हापासून त्यात मुद्दाम सडक्या कोबीसारखा वास मारणारं रसायन मिसळण्याची सक्ती आली. रोजेच्या भाषेत, ३९९चा रहिवासी उचलून ४०१मध्ये नेला म्हणून लोकांचे प्राण वाचतात. हे मी त्या गृहस्थाला सांगू पाहत होतो. त्याने मला हाताने थांबवलं, यंत्र खाली ठेवलं आणि स्वतःच्या नाकाने माग काढत फडताळ गाठलं.

“हे काय?”

“बॉम्बे डक.”

त्याने आत वाकून पाहिलं. “बदक कुठे आहे?”

मी डाकगाडीच्या दंतकथेपासून सुरुवात केली. तेवढ्यात मुलगा कामावरून आला.

पुढचा अर्धा तास मला तपशिलात सांगवत नाही. मुलाने माझी तिन्ही पत्रं वाचली. हो, तीन, एक ‘नायडर’वालं पाठवायचं राहिलं होतं. तो म्हणाला, “बाबा, ‘सॉरी अबाउट द स्मेल’ म्हणून मोकळं व्हायचं होतं.” मला ते पटलंही होतं. पण तेवढ्यात शेजारच्या बाई कोट चढवून कुंपणापाशी आल्या, गोऱ्यामोऱ्या झाल्या होत्या, आणि म्हणाल्या की त्या माशाबद्दल त्यांचं काहीच म्हणणं नव्हतं. त्यांचे वडील सकाळी किपर भाजायचे, त्याची आठवण येते, उलट बरं वाटतं. त्यांना सोसत नव्हतं ते दुसरंच, ते गोड, दाट, डोकं उठवणारं. आणि त्यांनी खिडकीतल्या बटाट्याकडे बोट दाखवलं.

म्हणजे माझा ‘फ्रॅग्रन्स’ शंभर टक्के बरोबर होता. बाईंना तो तसाच पोहोचला होता: उदबत्तीवाल्यांना आपल्या उदबत्तीचा अभिमान आहे, आणि ती आपल्यापर्यंत येते याचा त्यांना आनंद होतो. घोटाळा केला तो त्यांच्या साध्या, भोळ्या, सगळ्यांना कळणाऱ्या ‘स्मेल’ने. त्यांनी सुरुवातीलाच चारशे क्रमांक टाकला असता, तर गॅसची गाडी आली नसती. हे मी मुलाला बोलून दाखवलं. त्याने थिसॉरस माझ्या हातातून काढून घेतली आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. मला शिडी चढायला मनाई आहे.

उदबत्त्या बंद झाल्या. बायकोने एका बशीत भाजलेले बोंबील घालून, वर लिंबू पिळून, कुंपणावरून दिले. तिला येणाऱ्या इंग्रजीत ‘टेक’ हा शब्द मध्यवर्ती आहे, तेवढ्यावर भागलं. चार दिवसांनी बाई बदल्यात किपर घेऊन आल्या. हेरिंग मासा उभा चिरून, मीठ लावून धुरावर धरलेला. सोबत तोंडी कृतीही दिली: घरभर वास नको असेल तर भाजू नका, उंच भांड्यात शेपटी वर करून उभा ठेवा आणि उकळतं पाणी ओता. त्या ‘वास’साठी कोणता शब्द वापरतात हे ऐकायला मी कान टवकारले होते. त्या ‘पाँग’ म्हणाल्या. तो शब्द माझ्या पिवळ्या आवृत्तीत नाही.

बायकोने एक घास घेतला. बराच वेळ चावला. “तारलेक धुरी कोणी दिली?” मला विचारलं. मी म्हटलं, त्यांच्यात देतात. बाई उत्सुकतेने आमच्या दोघांकडे बघत होत्या. मी ‘स्मोकी’, ‘सेव्हरी’, ‘पिकँट’ अशी जुळवाजुळव करून खिशातलं पेन चाचपलं.

“तिका सांगा, बरो लागता,” बायको म्हणाली. “तोंडान सांगा. लिवन देव नकात.”